कोपरे नसलेले बालघर

मित्रांनो, मी एक जुने बालघर आहे. माती, भुसा आणि चुना यांचे केलेले, वाटोळे, बुटके आणि आता एका अंगाला थोडे कललेले. किल्ल्यांना जुने व्हायला शेकडो वर्षे लागतात. मातीच्या भिंतीला एवढी सवड नसते. वरून बर्फ आणि खालून ओल असे काही हिवाळे सोसले, की तिचे केस पिकले म्हणून समजावे. तेव्हा मला जुने म्हटलेत तर मी रागावणार नाही. लोकांनी मला आणखी एक नाव ठेवले होते, त्याचा मात्र मला अजून राग येतो. ते पुढे सांगते.

माझा पत्ता विचाराल तर पंचाईत आहे. बिश्केक शहर जिथे संपते, शहराचा कचरा जिथे नेऊन टाकतात, त्याच्याही पलीकडे सारी-दोबो नावाची आमची वस्ती आहे. गल्ल्या आहेत, पण त्यांना नावे नाहीत. घरे आहेत, पण शहराच्या दप्तरात ती नाहीत. डोंगरातल्या गावांत मेंढ्या राहिल्या नाहीत आणि कामही राहिले नाही, तेव्हा माणसे खाली उतरली आणि मिळेल त्या जमिनीवर भिंतीला भिंत लावून राहू लागली. दप्तरात घर नाही म्हणून माणसाची नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून पोराला सरकारी बालवाडीत जागा नाही, असा सगळा कारभार.

मग पोरांचे काय करायचे? उजाडायच्या आत बायका मिनीबसने शहरात कामाला जात. जाताना शेगडीत कोळसा भरत, पाव आणि थंड चहा पोरांच्या हाताशी ठेवत आणि दाराला बाहेरून कुलूप घालत. किल्ली दोरीत ओवून गळ्यात. सारी-दोबोत बाईच्या गळ्यात किल्ली दिसली, की घरी लहान पोर कोंडलेले आहे हे न विचारता समजायचे.

बुरुल ही त्यांतलीच एक. नवरा रशियात इमारतींच्या कामावर, सासू दूर डोंगरात, आणि पदरी चार वर्षांची सायकाल. बुरुल एका शिवणकारखान्यात लहान मुलांचे कपडे शिवायची. दुसऱ्यांच्या पोरांच्या बाह्या जोडताना आपले पोर कुलपात आहे, हे तिला दिवसभर टोचत असे. शेगडी विझली असेल का? की निखारा खाली पडला असेल? संध्याकाळी मिनीबसमधून उतरली की ती चालत नसे, पळतच घर गाठत असे. आपण कामावर असताना सायकाल कोणाच्या तरी डोळ्यांसमोर असावी, एवढेच तिचे मागणे होते. मित्रांनो, माझा जन्म त्या मागण्यासाठी झाला.

मला कागदावर आणले ते पेरिझातने. घरांचे नकाशे काढायला ती परदेशात शिकली होती. लहानपण मात्र तिचे नारिनच्या डोंगरात, आजोबांच्या बोझ-उयमध्ये गेले होते. बोझ-उय म्हणजे आमचे लोकरीच्या नमद्याचे गोल तंबूघर. त्यात दूध तापायचे, कोकरे बांधलेली असायची, आणि वरच्या गोल झरोक्यातून सकाळचे ऊन अंथरुणावर यायचे. त्या कुरणावरून पेरिझात निघाली ती थेट परदेशी गेली आणि शिकून परतली ती थेट आमच्या वस्तीत आली. ज्यांच्यासाठी कोणी नकाशे काढत नाही, त्यांच्यासाठी आपण काढायचे, असे तिने ठरवले होते. चार भल्या लोकांकडून लाकडाची आणि काचेची सोयही तिने करून आणली.

तेव्हा मी पुठ्ठ्याचे होते, बुटाच्या खोक्याएवढे. सार्वजनिक नळापाशी थोडी मोकळी जागा आहे, तिथे तिने सगळ्यांना जमवले आणि मला एका पिंपावर ठेवले.

"खोली गोल आहे," ती म्हणाली, "आपल्या बोझ-उयसारखी. वर उजेडाला झरोका, त्यात लाकडाच्या आडव्या-उभ्या काठ्या. बाहेरून पांढरा चुना. कोपरा नाही, त्यामुळे पोरांना लागायचं नाही. आणि आपण सगळे डोंगरातलेच ना? पोरांना आजोळी आल्यासारखं वाटेल. काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा हं. पुठ्ठा आहे, कापता येतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

"आबा, तुम्ही तरी बोला," पेरिझात म्हणाली.

जुमाश आबा वस्तीत सर्वांत वडील. त्यांनी डोक्यावरची उंच टोपी सारखी केली. "काय बोलायचं, पोरी? तू लेकरांसाठी आलीस. देव तुझ्या हाताला यश देवो." त्यांनी दोन्ही तळहात पसरून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी आपापल्या तोंडावरून हात फिरवले आणि बैठक संपली. पेरिझातला वाटले, मी सर्वांना पसंत पडले.

त्या दिवशी मला काकिश आपाच्या घरी ठेवायला दिले. काकिश आपाचे उभे आयुष्य एका सरकारी बालवाडीच्या स्वयंपाकघरात गेले होते, म्हणून पुढे मुलांना तीच सांभाळणार होती. तिची शेजारीण शायिर चहाला आली. मी कपाटावर बसून सगळे ऐकत होते.

"गोल आहे हो, आपा," शायिर म्हणाली.

"दिसतंय मला. डोळे आहेत."

"पांढरं, गोल, वर झरोका, आणि मैदानात एकटंच उभं. लांबून बघणारे विचारतील, कोणाकडे कोण गेलं म्हणून."

"मग तिथं बोलायचं होतंस."

"मी? तुम्ही मोठ्या असताना? आणि लेकरांच्या घराचं पहिलंच बोलणं, त्यात मरणाचं नाव कोण काढील? जीभ झडायची."

काकिश आपाने तिच्या पेल्यात आणखी दूध ओतले. "तर मग चहा पी आणि गप्प राहा. आत पोरं दंगा करायला लागली, की नाही दिसायचं तसं."

मित्रांनो, शायिर काय म्हणत होती ते तुम्हाला सांगायला हवे. डोंगरात बोझ-उय म्हणजे राहते घर. तिथे बारशी होतात, लग्ने होतात, माणसे मरतातही. पण शहरात आमची माणसे विटामातीच्या घरांत राहतात आणि बोझ-उय उभारतात ते घरात कोणी वारले तरच. अंगणात ते उभे राहते, प्रेत आत ठेवतात, बायका आत बसून रडगाणी म्हणतात आणि पुरुष बाहेर काठीवर ओणवे होऊन आक्रोश करतात. सारी-दोबोतल्या पोरांना बोझ-उयमध्ये झोपण्याचे सुख ठाऊक नाही. ते दिसले की पोरे एवढेच विचारतात, "कोण मेलं?" ज्या म्हाताऱ्यांचा जन्म बोझ-उयमध्ये झाला होता, त्यांची नजरसुद्धा शहराच्या कडेला राहून राहून पोरांसारखीच झाली होती. पेरिझात मधली वर्षे इथे नव्हती, तिची नजर कुरणावरचीच राहिली. हे तिला सांगायला एक वाक्य पुरले असते. पण शुभ कामाच्या आरंभी मरणाचे नाव काढणे म्हणजे त्याला बोलावणे, असे आमच्यात मानतात. म्हणून जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

असो. मला बांधले ते मात्र मोठ्या हौसेने. आमच्यात कोणाचेही घर बांधायचे असले की शेजारीपाजारी मजुरी न घेता येतात, त्याला आशार म्हणतात. माझा आशार उन्हाळाभर चालला. बायका पाणी आणत, तरुण भुसा पसरत आणि जुमाश आबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल तुडवत. त्यांच्या पायांना घोड्याची सवय, चिखलाची नव्हे. एकदा ते त्यात पाय रुतून उभेच राहिले.

"आबा, ओढून काढू का?" बुरुलने विचारले.

"राहू दे. सुकलो की मलाच भिंतीत बसवा, तेवढीच एक वीट वाचेल."

सगळे पोट धरून हसले. मित्रांनो, त्या हसण्याच्या आवाजातच माझ्या भिंती चढल्या. शेवटी चुना लागला आणि काकिश आपाने पहिल्या दिवशी तेलात तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची परात भरून मुलांपुढे ठेवली.

मग माझे सुखाचे दिवस आले. फार नव्हते, पण होते. सकाळी अंधारातच आया मुले आणून सोडत. गळ्यातल्या किल्ल्या हळूहळू नाहीशा झाल्या. बुरुल मिनीबसला जाताना मागे वळून पाहीनाशी झाली आणि एके दिवशी तर ती गाणे गुणगुणत गेली, हे मी स्वतः ऐकले आहे. माझ्या झरोक्यातून उन्हाचा एक वाटोळा कवडसा पडे आणि दिवसभर जमिनीवरून सरकत जाई. सायकाल आपली उशी घेऊन त्याच्या मागोमाग सरके. खोड्या करणाऱ्याला काकिश आपा म्हणे, "जा, कोपऱ्यात उभा राहा," आणि मग तिलाच आठवे की इथे कोपरा नाही. पोरे खिदळत. लांबून पाहुणे आले, त्यांनी माझे फोटो काढले. पेरिझातला कुठेसे बक्षीस मिळाले आणि दुसऱ्या गावांनी तिला बोलावून नेले. मी जरा फुगले होते, खोटे कशाला बोलू?

तो हिवाळा कडक आला. नळ गोठला, जमीन लोखंडासारखी झाली, आणि एका सकाळी जुमाश आबा झोपेतून उठलेच नाहीत.

त्यांचा थोरला मुलगा तुरात माझ्या दारात आला. टोपी हातात, डोळे लाल. आत मुले नाश्ता करत होती.

"आपा, आमच्या अंगणात बोझ-उय मावत नाही. दोन भिंतींमध्ये हातभर जागा. आणि वस्तीचं एकच सामाईक बोझ-उय पलीकडच्या वस्तीत गेलंय, तिकडेही कोणी वारलंय. आबांना काय गल्लीत ठेवू?"

"इथं लेकरं असतात, तुरात."

"या भिंतीचा चिखल आबांनी तुडवलाय. मातीला नेईपर्यंतचाच प्रश्न आहे."

मेलेल्याला दार लावून घेणे आमच्यात कोणाला जमत नाही. काकिश आपालाही जमले नाही. तिने मुलांना घरी पाठवले आणि भिंतीवरची त्यांची चित्रे स्वतः उतरवून ठेवली.

आबांना माझ्या आत उजव्या हाताला, पडद्यामागे निजवले. त्यांची म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली आणि रडगाणे म्हणू लागली. बाहेर पुरुषांची रांग लागली. मला फार वाईट वाटत होते, कारण ते माझेही आबा होते. त्यांना नेताना भिंती असून मला काही आधार नाही, असे वाटले. आणि त्याच वेळी दारापाशी उभ्या असलेल्या आयांचे चेहरे मी पाहिले. त्या आबांकडे बघत नव्हत्या. माझ्या झरोक्याकडे, माझ्या गोल भिंतीकडे बघत होत्या. पुठ्ठ्याचे असताना मी जी नजर पाहिली होती, तीच ही नजर.

नंतर काकिश आपाने शुद्धीसाठी सगळीकडे जुनिपर या डोंगरी झुडपाच्या फांद्यांचा धूर फिरवला, जमीन घासली, चित्रे पुन्हा लावली. मौलवींनी येऊन सांगितले की मुलांनी इथे यायला धर्माची काही आडकाठी नाही. सगळ्यांनी मान डोलावली. आठवड्याच्या आरंभी निम्मीच मुले आली.

पुढे शायिरची सासू गेली. वस्तीचे बोझ-उय तेव्हा रिकामे होते, पण गोठलेल्या जमिनीत ते उभारणार कोण? शायिर काकिश आपाच्या दारात बसून राहिली. "जुमाश आबांना दिलंत. माझी सासू काय कमी होती? ती गरिबाघरची म्हणून?" काकिश आपाला पुन्हा दार उघडावे लागले. मग आणखी कोणाची आई, आणखी कोणाचा भाऊ. एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसे म्हणायचे? आणि मग मला ते नाव पडले. मेलेल्यांचे घर. पोरे माझ्या समोरून जायची झाली तर गल्लीच्या दुसऱ्या कडेने, अंग चोरून पळत जात. माझ्या आत कोणाला कोणी मारले नव्हते, मित्रांनो. मी फक्त नाही म्हणू शकत नव्हते.

बायकांच्या गळ्यात पुन्हा किल्ल्या दिसू लागल्या.

बुरुल सर्वांत शेवटपर्यंत टिकली. येणाऱ्यांत सायकाल एकटीच उरली, तरी बुरुलने तिला आणायचे सोडले नाही. मिनीबसच्या थांब्यावर शायिर तिला टोमणा मारी, "काय बुरुल, आज पोरीला कोणाशेजारी निजवून आलीस?" सासूचा डोंगरातून फोन येई, "नातीला मुडद्यांच्या जागेत ठेवतेस म्हणे?" बुरुल ऐकून घेई. पण मग सायकालला ताप आला. वस्तीत त्या दिवसांत घरोघरी ताप होता, तरी सायकालच्या तापाला मात्र सगळ्यांनी माझेच नाव दिले.

ताप उतरल्यावर बुरुल तिला घेऊन आली, ती उशी परत न्यायला.

"आपा, उद्यापासून नाही आणत हिला."

"ताप सगळ्यांनाच आला, बुरुल. कुलपात ठेवलेल्यांनाही आला."

"कळतं हो मला. पण उद्या खरंच काही झालं, तर सगळ्या म्हणतील, आम्ही सांगत होतो. मग मी कोणाला तोंड दाखवू?"

"आणि घरात काही झालं तर?"

बुरुल सायकालच्या कानटोपीची गाठ बांधू लागली.

"मी उद्या येऊ?" सायकालने विचारले.

"उद्या नको."

"परवा?"

बुरुलने तिला उचलले आणि ती निघून गेली. दारातून सायकाल माझ्याकडे बघत होती. तेवढे एकच पोर होते ज्याला माझी भीती वाटत नव्हती, आणि तेच मोठ्यांच्या भीतीने माझ्यापासून नेले गेले. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले, मला कोपरे असते तर बरे झाले असते.

काही दिवसांनी पेरिझात पाहुण्यांना घेऊन मला दाखवायला आली. दार उघडले तर आत मुले नव्हती, रडायला बसणाऱ्यांसाठी पसरलेल्या सतरंज्या होत्या. पाहुण्यांना गाडीत बसवून ती काकिश आपाकडे परत आली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"तुम्हा सगळ्यांना तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मी विचारलं होतं ना, आपा? कापता येतो म्हणून सांगितलं होतं ना?"

"विचारलंस गं. पण केवढ्या आनंदाने विचारलंस. त्या आनंदावर माती कोण टाकील? आम्हाला वाटलं, चालून जाईल."

पेरिझात म्हणाली, "मलाच कळायला हवं होतं. बर्फ वितळला की माणसं घेऊन येते. भिंत कापू, कोपरे काढू, चौकोनी करू."

"कर," काकिश आपा म्हणाली. "पण बर्फ वितळायला अजून वेळ आहे."

आता जे सांगायचे आहे ते माझ्या जिवावर येते. पण सांगितले नाही तर माझी हकिकत खोटी ठरेल.

त्या सकाळी थंडी फार होती. बुरुलने शेगडीत कोळसा भरला आणि ऊब संध्याकाळपर्यंत टिकावी म्हणून धुराड्याची झडप जरा लवकर लावली. आमच्याकडे सगळेच असे करतात, कोळसा पुरवून वापरावा लागतो. निखारे मात्र पुरते जळून गेलेले नव्हते. दाराला कुलूप घालून ती कामाला गेली. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, तो मुकाट्याने माणसाला झोपवतो. संध्याकाळी बुरुल पळत आली, तिने कुलूप काढले, आणि मग तिचा आवाज मी माझ्या जागेवरून ऐकला. सायकाल उशीवर डोके ठेवून निजली होती. ती परत उठली नाही.

मला वाटले, आता तिला माझ्याकडे आणतील. पण एवढ्या लहान मुलांसाठी बोझ-उय उभारत नाहीत, त्यांना घरातूनच नेतात. नळाच्या बाजूने तुरात तिला हातांवर घेऊन गेला, मागे पाच-सहा माणसे, आणि माझे दार बंदच राहिले. जिच्यासाठी मला बांधले, ती जिवंतपणी माझ्यातून गेली आणि मेल्यावर माझ्याकडे आलीच नाही. मी मातीचे आहे म्हणून रडू शकले नाही, एवढेच.

चाळिसाव्या दिवसाचे विधी होईपर्यंत बुरुल कोणाला दिसली नाही. नवरा रशियातून येऊन परत गेला. कारखान्यात तिने निरोप धाडला की आता येणार नाही. मग एका सकाळी ती माझ्या दारात आली. काकिश आपाकडून तिने किल्ली मागून घेतली होती. तिने सतरंज्या बाहेर काढून झटकल्या, जमीन घासली, माझी शेगडी पेटवली आणि तिच्यासमोर उकिडवे बसून कोळसा पुरता लाल होईपर्यंत बघत राहिली. मग उठली आणि घराघरांत जायला निघाली. सर्वांत आधी गेली ती शायिरकडे. शायिरचे घर माझ्या समोरच आहे, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"तुझी मुलगी दे," बुरुल म्हणाली.

"अगं, आत तर ये. चहा घे घोटभर."

"चहा नको. कामावर जातेस ना? मुलगी माझ्याकडे दे. बालघरात बघते तिला दिवसभर."

शायिरने मान खाली घातली. "बुरुल, तिथं... लोक काय म्हणतात तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तिथं जे ठेवले ते आधीच गेलेले होते. माझी सायकाल चालती-बोलती होती आणि ती माझ्या घरात गेली, माझ्या कुलपात. मेलेल्यांचं घर म्हणायचं असेल तर माझ्या घराला म्हणा."

शायिरने गळ्यातली किल्लीची दोरी काढली, मुलीला कोट चढवला आणि तिचा हात बुरुलच्या हातात दिला. पुढच्या घरी बुरुलला एवढेही बोलावे लागले नाही. तिला गल्लीतून येताना पाहिले की बाया आपणच पोरांना बूट घालू लागल्या. तिच्या तोंडावर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

बर्फ वितळल्यावर पेरिझात माणसे घेऊन आली. पुन्हा नळापाशी सगळे जमले. या वेळी मात्र सगळे एकदमच बोलू लागले. दार पलीकडे हवे होते, खिडकी गल्लीकडे हवी होती, चुना पांढरा नको होता, प्रेतासाठी जागा वेगळी हवी होती आणि तिथे बोझ-उयच्या खुंट्या पक्क्या पुरलेल्या हव्या होत्या. तुरात आणि शायिरचे तर जोरात भांडण झाले. पेरिझात खाली मातीत बसून ऐकत होती आणि एकेक गोष्ट पुनःपुन्हा विचारून घेत होती. बुरुल मागे उभी होती. ही सगळी वाक्ये एका हिवाळ्याआधी याच जागी बोलता आली असती, हे तिथे प्रत्येकाला कळत होते, म्हणून कोणी तिच्याकडे बघत नव्हते.

कोपरे मात्र कोणीच मागितले नाहीत, म्हणून शेवटी माझी भिंत कापली नाही. गल्लीकडे मोठी खिडकी काढली, बाहेरून पिवळा रंग दिला आणि नळाच्या पलीकडे बोझ-उयसाठी जागा सोडली. आता माझ्यात मुले भरपूर आहेत. माझा चुना पोपडे धरतो, एक अंग खचत चालले आहे, आणि माझी डागडुजी करायची म्हणून दर उन्हाळ्यात नुसतेच बोलतात. तेवढी कुरकुर म्हाताऱ्या घराने करायचीच.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनवणी आहे. तुमच्या वस्तीत कोणी नकाशा घेऊन आले आणि "सांगा, कसे वाटते" म्हणाले, तर त्याला खरे सांगा. त्याला वाईट वाटेल, तो दोन दिवस रुसेल, रुसू द्या. आणि तुम्ही मोठे होऊन दुसऱ्यांसाठी नकाशे काढाल, तेव्हा सगळे गप्प बसले तर आनंदाने घरी जाऊ नका. थांबा, चहा प्या, पुन्हा विचारा. जी घरे बांधलीत त्यांना पावसाळ्या-हिवाळ्यात बघायलाही या.

माझे सांगून झाले. आता सकाळ झाली आहे, आया मुलांना सोडून मिनीबसकडे निघाल्या आहेत. सगळी आत आली की बुरुल दार लावून मुले मोजते. तिचा आकडा बरोबरच येतो. तरी ती रोज पुन्हा एकदा मोजते.